एका पगाराचं ड्रिल

रंगाच्या कारखान्यात त्यांना सगळे शिट्टीसाहेब म्हणत. हुद्दा सेफ्टी सुपरवायझरचा. पण हुद्दा कुणाच्या लक्षात राहत नसे आणि गळ्यातली शिट्टी कुणाला विसरता येत नसे. वर्षातून दोनदा ते आगीचं ड्रिल घेत. म्हणजे आग खोटी लागायची, शिट्टी खरी वाजायची, आणि सगळा कारखाना जिने उतरून मागच्या मैदानात जमायचा. तिथे शिट्टीसाहेब बोट नाचवत माणसं मोजायचे. "मोजणी म्हणजे ड्रिलचा प्राण," असं ते दर वेळी सांगायचे. "आग विझवणारे पुष्कळ भेटतील. आत कोण राहिलं हे ज्याला ठाऊक, तो खरा माणूस!"

ड्रिलची तारीख आदल्या दिवशीच फळ्यावर लागत असे. त्यामुळे आग लागायच्या आधी बायका पर्स खांद्याला अडकवून तयार, पुरुष चहाचे कप हातात घेऊन तयार. पॅकिंगवाले तर मैदानात ऊन लागतं म्हणून टोप्या घालूनच कामाला बसत. इतकी समजूतदार आग जगात दुसरीकडे कुठे लागत नसेल. मग शिट्टीसाहेब अहवाल लिहीत: 'ड्रिल समाधानकारक.' आजवरच्या सगळ्या ड्रिलांत मिळून जखमी झाला तो एकच माणूस, आणि तो म्हणजे खुद्द शिट्टीसाहेब. "धावू नका, धावू नका" असं ओरडत धावताना ते जिन्यावरून घसरले आणि पुढचा एक दात गमावून बसले.

त्या दातापायी त्यांचं लग्न जमलं. नव्या दाताचा रंग जुळवायला डॉक्टरांनी त्यांना दातांच्या लॅबमध्ये पाठवलं. तिथे खिडकीशी बसून कॅप आणि कवळ्या घडवणाऱ्या मुलीने त्यांना उजेडात उभं केलं, "ई करा" म्हणाली, आणि त्यांच्या उरलेल्या दातांकडे बराच वेळ टक लावून पाहत राहिली. आपल्याकडे इतकं निरखून आजवर कुणी पाहिलेलं नाही, हे शिट्टीसाहेबांच्या ध्यानात आलं. दात इतका बेमालूम बसला की आज दातांतला खोटा कोणता हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही.

लग्नाला चार वर्षं झाली, बायकोला दिवस गेले, आणि घरात प्रश्न उभा राहिला: बाळाजवळ कोण? शिट्टीसाहेबांच्या आईचे गुडघे गेलेले. त्या मोठ्या मुलीकडे राहत आणि तिथे त्यांचीच उठबस दुसऱ्याला करावी लागे. बायकोच्या आईचं लाँड्रीचं दुकान. ते बंद ठेवलं तर तिची चूल बंद. आणि पाळणाघरवाली बाई मूल चालायला लागेपर्यंत दारात उभं करत नव्हती.

बायकोच्या मनात उत्तर कधीचं तयार होतं. ती स्वतः आईच्या दुकानात काउंटरखाली वाढली होती, मळक्या कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये. लहानपणची आई कशी आठवते, असं कुणी विचारलं की ती सांगायची, "पाय आठवतात." आपल्या बाळाला पहिलं वर्षभर तरी आपलं तोंड दिसावं, एवढंच तिला हवं होतं. पण लॅबचा म्हातारा मालक अडून बसला होता. "दोन-तीन महिने जा, खुर्ची तुझीच," तो म्हणाला. "पण 'बघू, जमेल तशी येते' हे मला चालायचं नाही. जास्त जाणार असशील तर बाळंतपणाच्या महिनाभर आधी पक्कं सांग. मी दुसरं माणूस बसवीन, आणि एकदा बसलेलं माणूस माझ्याच्याने उठवत नाही." म्हणजे नोकरी सोडली आणि पुढे पैसे पुरले नाहीत, तर बाळही गेलं काउंटरखाली आणि खुर्चीही गेली.

"त्यात काय!" शिट्टीसाहेब म्हणाले. "माझ्या एकट्याच्या पगारावर घर चालेल."

बायकोचा पगार त्यांच्यापेक्षा थोडा जास्त होता. पण त्या घरात ही गोष्ट बोलायची नसते, असं न बोलताच ठरलेलं होतं.

"मी हवेत बोलणारा माणूस नाही," ते पुढे म्हणाले. "आपण ड्रिल घेऊ. आजपासून घर फक्त माझ्या पगारावर. तुझा पगार बँकेत, त्याला हात लावायचा नाही. चार महिने निभावलं की पुढचं वर्ष निभावलंच समज. मग खुशाल सांग त्या म्हाताऱ्याला."

बायकोला हे पटलं. खरं तर आवडलंच. नवरा आपल्यासाठी एवढा आटापिटा करतोय, असं वाटून तिचे डोळेही थोडे भरून आले. ड्रिल कसं असतं हे तिने तोवर फक्त ऐकलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून काटछाट सुरू झाली. बायकोची दवाखान्यात जायची टॅक्सी गेली; बस काय वाईट, उलट हालचाल होते. तिची फळं निम्म्यावर आली. मैत्रिणीला लांबलचक फोन बंद. पाठीला टेकायला तिने एक उशी बघून ठेवली होती, ती दुकानातच राहिली. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की शिट्टी वाजायची, नळ टपकला की शिट्टी वाजायची, आणि बायको अपरात्री चिवडत बसलेली बिस्किटं दिसली की हलकीशी, प्रेमाची शिट्टी वाजायची. स्वतःच्या खर्चावरही शिट्टीसाहेबांनी कठोर नजर फिरवली. बाईक तर पोटापाण्याचं साधन. केसांना कलप हवाच, कारण सेफ्टीच्या माणसाचा चेहरा बघून लोकांना धीर यायला हवा. रविवारचे मित्रांबरोबरचे पत्ते हे मनाच्या आरोग्यासाठी. अखेर त्यांनी चहातली साखर सोडली. ती डॉक्टरांनी आधीच बंद करायला सांगितली होती, हा भाग वेगळा.

आणि काय सांगावं, पहिल्याच महिन्यात पैसे उरले! दुसऱ्या महिन्यात जास्तच उरले. शिट्टीसाहेबांची छाती शर्टात मावेना. कँटीनमध्ये ते टेबलावर बोट आपटून सांगू लागले, "इच्छा हवी राव, एका पगारात घर चालतं. आजकालच्या लोकांना शिस्त नको." मेव्हण्याने नवा फ्रिज घेतला, तर त्याच्या घरी जाऊन, त्याच फ्रिजमधलं थंड सरबत पीत, त्यांनी त्याला अंथरूण पाहून पाय पसरावे यावर तासभर ऐकवलं.

पैसे उरत होते ते का, हे मात्र त्यांनी मोजलं नव्हतं. लेक पोटुशी म्हणून सासूबाई रोज संध्याकाळी दुकान आवरून भरला डबा पाठवत, आणि तो दोघांना पुरून उरे. रविवारी पत्ते संपले की शिट्टीसाहेब बहिणीकडे जेवायला थांबत. दुपारचं त्यांचं जेवण कारखान्याच्या कुपनावर, आंघोळसुद्धा कारखान्यातल्या गरम पाण्याने. बायको दिवसभर लॅबच्या पंख्याखाली आणि लॅबच्या चहावर. आयत्या बिळावरचा नागोबासुद्धा इतका निवांत नसेल. पण चौथा महिना लागला तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने अहवाल लागला: 'समाधानकारक.'

मालकाला सांगायला पंधरवडा उरला असताना बायकोच्या पायांना सूज आली. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर घरी पडून राहा. ती राहिली. आणि चार वर्षांत पहिल्यांदाच तिने आपलं घर सलग आठवडाभर भर दुपारी पाहिलं.

भर दुपारचं घर म्हणजे निराळाच प्राणी. छत तापायचं, पंखा बंद करायची सोय नव्हती. चहा आपणच करायचा, पाणी आपणच तापवायचं, आणि दार वाजलं की शेजारणीसाठी आणखी एक कप टाकायचा. "घरीच आहेस तर गरमागरम करून खा गं," म्हणून आईने डबा थांबवला. त्यामुळे गॅस दोन्ही वेळा पेटला. पाय दाखवायला दवाखान्यात जायचं तर टॅक्सी. आठवडा संपला तेव्हा महिन्याच्या पैशांतले अर्ध्याहून जास्त पैसे गेले होते, आणि त्यात चैनीचं म्हणावं असं तिला काही सापडेना.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अहो," ती रात्री जेवताना म्हणाली, "आपण चार महिने ड्रिल घेतलं ते रिकाम्या घराचं. घरात कुणी नव्हतंच. कुणी राहायला लागलं की घर खातं."

शिट्टीसाहेबांनी घास खाली ठेवला. "घर खात नाही. माणूस खर्च करतं. घरी बसायलाही शिस्त लागते."

हे वाक्य बायकोला लागलं. चार महिने बसच्या दांड्याला लोंबकळून तिने जी शिस्त पाळली होती ती सगळी तिला आठवली. पण ती ओरडली नाही. "बरोबर आहे," ती म्हणाली. "मग तुम्ही बसून दाखवा. तुमची सुट्टी नाहीतरी वाया जाणार आहे. मी उद्यापासून कामावर. आठवडाभराचे पैसे या डब्यात. आईचा डबा नाही, ताईंकडे जेवण नाही. तुम्ही आणि बाळ."

"बाळ कुठून आणू?"

"ते तुमचं खातं. आग कुठून आणता?"

आता हा प्रश्न इज्जतीचा झाला. शिट्टीसाहेबांनी कारखान्यातल्या लाल बादलीतून वाळू आणली, जन्मलेल्या बाळाचं वजन असतं तेवढी. सासूबाईंनी जुन्या उशीच्या अभ्र्यात ती शिवून दिली. शिवताना त्यांनी मान वर करून विचारलं, "जावईबापू, नाक कुणावर काढू?"

नियम कडक होते. बाळाला एकटं सोडायचं नाही, ठरल्या वेळी दूध, ठरल्या वेळी लंगोट. वाळू रडत नाही ही अडचण होती. ती शिट्टीसाहेबांनी अशी सोडवली की गजर झाला की बाळाच्या वतीने तेच शिट्टी वाजवत, आणि मग धावत जाऊन बाळाला उचलत. सोय म्हणून शिट्टी बाळाच्याच गळ्यात बांधून टाकली.

पहिला दिवस थाटात गेला. बूट घालून, वेळापत्रक भिंतीला चिकटवून ते घरात गस्त घालत राहिले. पुरुष माणूस दिवसा घरी आहे ही बातमी जिन्यातून वर गेली आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर गप्पांना आले. ते तीन चहा आणि बिस्किटांचा पुडा संपवून उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, बरोबर त्यांचे भाऊ. पंखा तर चालूच. बिनसाखरेचा चहा कडू लागतो म्हणून साखरही परत आली. एका हातात बाळ धरून ढवळताना दूध उतू गेलं, गॅसचा बर्नर बंद पडला, तो दुरुस्त करायला आलेल्या माणसाने डब्यात हात घातल्यासारखेच पैसे नेले. दारावर एक विक्रेता आला आणि फरशी पुसायचं फिरतं यंत्र विकून गेला. शिस्तीच्या माणसाला ते यंत्र का घ्यावंसं वाटलं? तर त्या दिवसात त्यांच्याशी एवढं आदराने बोललेला तो एकटाच होता.

तिसऱ्या दिवशी पोस्टमास्तर आले नाहीत. घर गप्प झालं. दिवा लावा म्हणायला कुणी नाही, बंद करा म्हणायला कुणी नाही. शिट्टीसाहेबांनी कारखान्यात फोन लावला. "सगळं ठीक आहे साहेब," टेलिफोनवरची बाई म्हणाली, आणि ते त्यांना फार लागलं. त्यांनी पुन्हा दोनदा फोन केला, तरी सगळं ठीकच होतं. मांडीवर वाळू घेऊन ते खिडकीत बसून राहिले. खाली रस्त्यावर लोक कुठेतरी जात होते. आपल्याला कुणी विचारत नाही, आपण आहोत की नाही याने कुणाचं काही अडत नाही, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा जाणवलं, आणि त्यांना चक्क भीती वाटली.

चौथ्या दिवशी त्यांना आठवलं की आग विझवायच्या सिलिंडरांची तारीख बघायची राहिलीय. मग काय, जरा जाऊन यायचं. बाळाला दोन उशांच्या मधोमध झोपवलं, गरम होऊ नये म्हणून पंखा लावला, पांघरूण नीट केलं, आणि दाराला कुलूप घातलं.

नेमकी त्याच दिवशी लॅबची वीज गेली. बायको दुपारीच घरी आली. कुलूप काढून आत आली तेव्हा पंखा गरगरत होता आणि पलंगावर गळ्यात शिट्टी बांधलेलं वाळूचं बाळ एकटंच पडलं होतं. आधी तिला हसू फुटलं. मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि रडली. वाळूसाठी नाही. गाठोड्यांच्या मधे आपणही असेच दिसत असू, असं तिला वाटलं. निदान तिच्या आईचे पाय तरी तिथेच असायचे.

तिने डोळे पुसले, बाळाला खांद्यावर घेतलं आणि बस पकडली. पोट पुढे आलेली बाई, वर खांद्यावर तान्हं, हे बघून अर्धी बस उठून उभी राहिली. कंडक्टर तिकीट देताना दोनदा मोजून गेला.

इकडे कारखान्यात शिट्टीसाहेबांना हुकूम सोडण्याची तीन दिवसांची उपासमार सहन होईना. सिलिंडरांच्या तारखा ठीक होत्या. मशिनं ठीक होती. शेवटी त्यांनी भोंग्याची कळ दाबली. कारखान्याच्या इतिहासात पहिल्यांदाच न सांगता ड्रिल लागलं! लोकांची पळता भुई थोडी झाली. कुणी एका पायात चप्पल, कुणी हातात ब्रश, पॅकिंगवाले बिनटोपीचे. शिट्टीसाहेब मात्र मैदानात उभे राहून फुलून आले होते. तोंडावर तेज होतं. त्यांनी बोट नाचवत सगळी माणसं मोजली, मग खड्या आवाजात विचारलं, "कुणी मागे राहिलं नाही ना?"

"राहिलं," मागून आवाज आला. "घरी. पंखा चालू होता."

सगळा कारखाना वळला. बायको गर्दीतून पुढे आली आणि तिने बाळ त्यांच्या हातात दिलं. गेटवरचा वॉचमन तिच्यामागून धापा टाकत आला होता. "वहिनी, झालं कधी? मुलगा की मुलगी?" म्हणत त्याने पांघरूण बाजूला केलं, हात लावला, आणि ओरडला, "अहो, ही तर वाळू!"

"साहेबांवर गेलंय," पॅकिंगमधून कुणीतरी म्हणालं.

त्यानंतर जो हशा पिकला त्याचा आवाज रस्त्यापलीकडे गेला असणार. शिट्टीसाहेबांनी गप्प करायला सवयीने गळ्याशी हात नेला. शिट्टी बाळाच्या गळ्यात होती. ती बायकोने शांतपणे सोडवून स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

घरी आल्यावर शिट्टीसाहेब तापले. चारचौघांत शोभा केलीस, म्हणाले. नवऱ्याची काही इज्जत असते, म्हणाले. बायकोने पैशांचा डबा त्यांच्यासमोर उपडा केला. त्यातून एक नाणं पडलं आणि फरशीच्या यंत्राची पावती पडली.

शिट्टीसाहेबांनी ते नाणं उचलून डब्यात परत टाकलं. मग त्यांचा आवाज खाली आला. "नाही बसवत गं एकट्याने घरी," ते म्हणाले. "वेडं व्हायला होतं."

"मला बसवेल," बायको म्हणाली. "मला बसायचंच आहे. पण फुकटात नाही."

"फुकटात म्हणजे?"

"तुमच्या ड्रिलमध्ये सगळ्याला पैसे लागले. गॅसला लागले, बाईकला लागले, कलपाला लागले. मी तेवढी फुकट. आणि माझी आई फुकट. बँकेत माझे चार पगार पडलेत. त्यांचे बारा भाग करायचे आणि दर महिन्याला एक माझ्या हातात द्यायचा. त्यातून टॅक्सी करीन, फळं खाईन, नाहीतर उशी घेईन. मला विचारायचं नाही. आईच्या डब्याचे पैसे तुमच्या पगारातून जातील."

"अगं, मग माझे पत्ते?"

"पत्ते घरी खेळा. चहा पोस्टमास्तरांकडून घ्या, तुमचं येणं आहे त्यांच्याकडे."

त्या रात्री पहिल्यांदा खरी बेरीज झाली. दुपारचा पंखा धरून, डबा धरून, तिला धरून. वर्ष काठावर निघत होतं. बाईक आठवड्यातून तीन दिवस उभी राहणार होती आणि शिट्टीसाहेबांचे केस पांढरे होणार होते, पण निघत होतं. दुसऱ्या दिवशी तिने मालकाला सांगितलं, "एक वर्ष. 'बघू' नाही, 'जमेल तशी' नाही. परत यायची तारीख आजच लिहून घ्या. मधे कुणालाही बसवा, उठवायला मी येईन." म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीशी ओळीने वाळत घातलेल्या तिच्या दातांकडे पाहिलं, आणि तारीख लिहून घेतली. दातांना रंग द्यायचे आपले ब्रश तिने खुर्चीच्या खणात ठेवले, खणाला कुलूप घातलं आणि किल्ली घरी नेली.

मुलगी झाली. नाक शिट्टीसाहेबांवर गेलंय.

आता घरी पाहुणे येतात, बाळाला बघतात, आणि महागाईच्या नावाने उसासे टाकतात. तेव्हा पांढऱ्या केसांचे शिट्टीसाहेब खुर्चीत सरसावून बसतात. "इच्छा हवी राव," ते सुरू करतात. "आमच्याकडे बघा. माझ्या एकट्याच्या पगारावर..."

आतल्या खोलीतून कर्कश शिट्टी वाजते. पाहुणे दचकतात. बाळ खदखदून हसतं. ते त्या आवाजाला कधीच घाबरलेलं नाही. शिट्टीसाहेब थांबतात, घसा खाकरतात, आणि पुन्हा मोजतात.

"आमच्या दोघांच्या," ते म्हणतात. "आणि सासूबाईंचा डबा."